सोडल्याची तारीख

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सत्यशीला, लिहायला उशीर झाला, रागावू नको. वही हातात देताना तू बजावलं होतंस की बाबा, तिथे फोनला रेंज नाही, तर पोचल्या दिवसापासून रोज दोन ओळी तरी लिहा, परत आलात की मी वाचीन. पोचून चार दिवस झाले आणि पहिलं पान आज उघडतो आहे. आधी चष्म्याची दांडी तुटली, ती दोऱ्याने बांधली. मग वाटलं, सातवी शिकलेल्या माणसाने काय लिहावं, लेक हसेल. आता हसलीस तर हस.

मी सुखरूप आहे. ब्रह्मपुरीहून मूल गावी, मूलवरून पोंभुर्णा, तिथून पुढे सागाच्या जंगलातून पाऊण तास जीप. पाठ दुखली, पण बंगला पाहिल्यावर विसरलो. इंग्रजांच्या वेळचा लाकूड-आगाराचा बंगला आहे. कमरेपर्यंत काळा दगड, वर सागवान, चारी बाजूंनी व्हरांडा. खांब एवढे जाड की माझ्या दोन्ही हातांत मावत नाहीत. एका संस्थेने तो घेतला आहे, वाघ पाहायला येणारे पाहुणे उतरवायला. दुरुस्तीचा ठेका आपल्या शेजारगावच्या धनराजचा, हे तुला माहीतच आहे.

माझं काम बसून करायचं आहे. फितीने भिंती मोजायच्या आणि नोंदवहीत लिहायचं. मिस्त्री चैतू हा भला माणूस, बोलतो कमी. स्वयंपाकाला सुकरी येते, दीड कोसावरच्या गावातून. ती मात्र बोलायचं थांबत नाही. काल मी मागची भिंत तीनदा मोजली (दोनदा वेगवेगळी भरली, माझीच चूक असेल) तर म्हणाली, "बुढेबाबा, भिंत मोजून राह्यले का तिले गुदगुल्या करून राह्यले?" सगळे हसले. मीही हसलो. घरी बसून तुझ्या आईवर चिडचिड करण्यापेक्षा हे बरं आहे. तिला सांग, भात मऊ मिळतो.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज कामाचं नीट सांगतो, कारण मनात एक खटकलं आहे.

हा बंगला १९९४ सालापासून वारसा यादीत आहे. यादीतल्या इमारतीला वाटेल तसा हात लावता येत नाही. होतं तेच पुन्हा तसंच केलं तर ती दुरुस्ती. नव्हतं ते केलं तर तो फेरफार. संस्थेचा आणि धनराजचा करार असा की दुरुस्तीवरचा जीएसटी संस्था भरणार आणि फेरफारावरचा धनराजने आपल्या खिशातून भरायचा. म्हणून प्रत्येक खिडकी, प्रत्येक पायरी यांतली कोणती हे ठरवावं लागतं. जुने नकाशे वाळवीने खाल्ले. तेव्हा जुन्या माणसाची साक्ष धरतात. त्या नोंदवहीचं नाव पूर्वस्थिती नोंदवही. तिच्यात खाने आहेत: भाग कोणता, यादीच्या आधी होता का, कशासाठी वापरत, कोण राहत असे, कधीपासून, सोडल्याची तारीख. खाली साक्षीदाराची सही.

तो साक्षीदार मी. धनराजने संस्थेला सांगून ठेवलं आहे की लहानूभाऊंनी जवानीत याच आगारात लाकूड तोडलं, त्यांना बंगल्याचा कोपरा न् कोपरा ठाऊक आहे. मी तर या सोमवारच्या आधीच्या सोमवारी पहिल्यांदा इथे पाय ठेवला. मी त्याला तसं म्हणालो. तर म्हणतो, "आजोबा, तुमचे पांढरे केसच माह्यं सर्टिफिकेट आहे."

पूर्वेच्या भिंतीत चैतूने शुक्रवारी एक खिडकी बसवली. नवी, कोरी. आज धनराजने नोंदवही पुढे सरकवली आणि लिहायला सांगितलं की ही खिडकी पूर्वीपासून होती, बुजवलेली होती, ती उघडली. मी पेन धरून बसून राहिलो. मग त्याने तुझ्या अश्विनचा विषय काढला, की जावईबापू रिकामे आहेत ना, पुढच्या कामावर त्यांना मुकादम घेतो. मी लिहिलं. एका खिडकीने कोणाचं काय बिघडतं, असं मनाला सांगतो आहे. पण जेवण गेलं नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

त्या खिडकीचं काहीतरी झालं आहे.

चैतूने चौकट नव्या सागाची केली होती. रंधा मारताना मी समोर होतो. पांढरेपिवळे ताजे कीस अजून भिंतीखाली पडले आहेत. पण चौकट काळी पडली आहे. चढवलेला काळा रंग नाही, नखाने खरवडून पाहिलं. आतपर्यंत काळी. खालच्या लाकडाला मधोमध दोन खळगे पडले आहेत, माणूस वर्षानुवर्षं कोपर टेकून बाहेर पाहत बसला की पडतात तसे. चैतूने स्क्रू मारले होते, तिथे आता चौकोनी डोक्याचे लोहारी खिळे आहेत. त्याने बोटाने ते एकेक चाचपले आणि म्हणाला, "बाबा, हे माह्यं काम नाई." मग भिंत सरळ आहे का पाहायचा आपला पितळी ओळंबा तिथेच खिडकीत ठेवून विडी ओढायला गेला, तो दुपारभर त्या बाजूला आला नाही.

धनराज आला, त्याने पाहिलं आणि त्याला फार आनंद झाला. चैतूच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, असा जुना पॉलिश कुठे शिकलास.

ओल असेल. जंगलात ओल असते. मी असंच समजतो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सत्यशीला, आज माझ्या हातून एक गोष्ट झाली. लगेच लिहितो, नाहीतर मी ती स्वतःपासूनही लपवीन.

बंगल्याच्या मागे धनराजने विटांची एक खोली बांधली आहे. पाहुण्यांचा स्वयंपाक तिथे होणार. मी आलो तेव्हा तिथे नुसतं गवत होतं. हा धडधडीत फेरफार, आणि त्यावरचा कर मोठा, म्हणून धनराज आठवडाभर माझ्या मागे लागला होता. मी शेवटी लिहिलं की पूर्वी इथे स्वयंपाकघर होतं, पडलं, ते पुन्हा उभारलं.

आज संस्थेच्या पुनम मॅडम चंद्रपूरहून तपासणीला आल्या. वयाने तुझ्याएवढ्या, वागायला गोड. मला काका म्हणाल्या, स्वतःच्या डब्यातली पोळी दिली. सगळी नोंदवही पाहिली आणि खोलीच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं की काका, इथे कोण राहत होतं, नाव हवं, नाव नसेल तर वरचे लोक फेरफार धरतात. धनराज त्यांच्या मागे उभा होता. डोळ्याने खुणावत होता की लिहा कोणतंही.

मला नाव सुचेना. मेलेल्या माणसाचं लिहावं तर तो बिचारा खोट्याला साक्ष कसा देणार. परक्या जित्या माणसाचं लिहावं तर तो आळ. मनात आलं, लबाडी आपली आहे तर ती आपल्या घरातच ठेवावी. मी तुझ्या आईचं नाव लिहिलं. गुणाबाई, स्वयंपाकीण. कधीपासून? हाताला आलं ते लिहिलं, १९८०. आमचं लग्न ब्याऐंशीचं. त्याच्या आधीचं साल असलं की कोणी शोधायला जाणार नाही असं वाटलं.

सोडल्याची तारीख मी कोरी ठेवली. आणखी एक खोटं लिहायचा धीर झाला नाही. मॅडम हसल्या, म्हणाल्या, मग अजून इथेच राहतात असं धरते हं काका. आणि सही केली.

२६ नोव्हेंबर, बुधवार

खोली जुनी झाली आहे.

विटा झिजल्या आहेत. छताच्या वाशांना बोटभर काजळी. काल जमीन सिमेंटची होती, आज शेणाने सारवलेली आहे आणि दाराशी पायांनी दबून खोलगट झाली आहे. कोपऱ्यात चूल आहे. चैतूने चूल घातलेली नाही, मी त्याला चारदा विचारलं.

चुलीला पांढऱ्या मातीचं पोतेरं दिलेलं आहे. पोतेरं ओलं आहे. तुझी आई डावखुरी, तिचा हात डावीकडून उजवीकडे फिरतो आणि कडेला अंगठा घासून ती हात थांबवते, त्याने एक खूण उमटते. त्यावरून तुझी आजी तिला किती बोलायची. ती खूण या चुलीवर आहे.

मी तिथेच खाली बसलो. सुकरीने पाणी दिलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

चैतूला सोबत घेऊन टेकडीवर गेलो. एकट्याने जायचं नाही, पाणवठ्याकडे वाघीण आहे. वर दगडाजवळ रेंज येते. तुझ्या आईलाच फोन लावला.

आवाज तिचाच. मला किती बरं वाटलं. पण बोलताना मध्येच अडखळली आणि विचारलं, मिठाचा डबा कोणत्या फळीवर ठेवता. मी म्हणालो, अगं, घर तुझं, मला काय विचारतेस. मग ती म्हणाली, परवा खळ्यावरून येताना तिला वाट सापडेना, अंजनाबाईने हात धरून घरी आणलं. हाताला काजळीचा वास येतो, साबण लावूनही जात नाही. आणि दारातून पाहिलं की साग दिसतात, म्हणाली. एवढे साग कोणी लावले, म्हणाली.

आपल्या दारात साग नाही. आपल्या दारात अंजनाबाईचा गोठा आहे.

मी तिला म्हणालो, घराबाहेर पडू नको. सत्यशीलाला बोलावून घे. ती म्हणाली, बरं भाऊ.

भाऊ म्हणाली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

तुझ्या आईचा नंबर लागत नाही. हा नंबर अस्तित्वात नाही म्हणतात. म्हणून तुला लावला.

तू जे बोललीस ते मी इथे लिहून ठेवतो. तुला ते आठवणार नाही किंवा वेगळंच आठवेल, म्हणून. मी विचारलं, आई कुठे आहे. तू म्हणालीस, "बाबा, तब्येत बरी आहे ना तुमची? आपल्या घरी कुठली आई?" मी म्हणालो, गुणा, तुझी आई. तर तू म्हणालीस, गुणाबाई म्हणजे त्या बंगल्यावर स्वयंपाक करतात त्याच ना, तुम्ही सांगत असता त्या. मग हसलीस. त्या माझ्या आई कधी झाल्या, म्हणालीस.

मी विचारलं, मग तुला कोणी वाढवलं. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. मग तू इतक्या बारीक आवाजात म्हणालीस की बाबा, मला आठवून नाही राहिलं.

फोन मी ठेवला नाही. रेंज गेली.

३० नोव्हेंबर, रविवार

ती खोलीत आहे.

मी दारातून पाहिलं. भर दुपार होती. पाठमोरी बसून डाव्या हाताने भाकर थापत होती. केस पांढरे, आपल्या गुणासारखेच, मानेवर तोच चामखीळ. मी हाक मारली तर वळून पाहिलं. चेहऱ्यावर काही नाही. "नवीन आले काय भाऊ लिहाले? बसा, चहा देतो."

मी विचारलं, तुम्ही कुठल्या. म्हणाली, इथलीच, ऐंशी सालापासून. मी विचारलं, घरचं कोणी. म्हणाली, "मले कोण असणार हो. लग्न झालं नाई माह्यं. एखादी पोरगी असती तर आता मोठी असती." आणि भाकर उलटली.

मी हात धरून तिला बाहेर न्यायला लागलो. उंबऱ्यापर्यंत आली. उंबऱ्यावर तिचा पाय उचलला जाईना, जमिनीत रुतल्यासारखा. ती घाबरली, ओरडली. सुकरी धावत आली आणि मलाच बोलली, "लाज नाई वाटत बुढ्या? बाई माणसाचा हात धरता? आमच्या गुणाबाईच्या हातचं खाऊन आम्ही लहानाचे मोठे झालो."

परवापर्यंत स्वयंपाक सुकरीच करत होती.

२ डिसेंबर, मंगळवार

खोडून टाकायचं मनात आलं. खोलीच्या ओळीवर रेघ ओढायची, लिहायचं पूर्वी नव्हती, झालं. पेन टेकवलं आणि हात मागे घेतला. आधी खिडकीवर करून पाहू म्हटलं.

काल सकाळी खिडकीची ओळ खोडली. 'पूर्वी नव्हती' लिहिलं आणि सही केली.

आज खिडकी नाही. सलग सागवानी भिंत आहे. चैतूचा ओळंबा खिडकीत असायचा, तो खाली पडलेला नाही, आत नाही, बाहेर नाही. चैतूला विचारलं, ओळंबा कुठे आहे तुझा. म्हणाला, कोणता ओळंबा, माझ्याकडे कधी नव्हताच. मी म्हणालो, अरे, बापाने दिलेला पितळी, तूच दाखवलास.

म्हणजे जे पूर्वी नव्हतं त्यात जे असतं तेही पूर्वी नव्हतं.

खोली खोडता येणार नाही. तिच्यात गुणा आहे.

३ डिसेंबर, बुधवार

धनराजच्या पाया पडलो. खरं सांगू संस्थेला, खोली फेरफार आहे, कर मी भरतो, शेत विकतो, म्हणालो. तो म्हणाला, कागद पास झाले, कर संस्थेने भरला, आता उकरून मला जेलात घालता काय. पोरांना म्हणाला, बुढा सटकला, याला शनिवारच्या जीपमध्ये बसवून द्या.

टेकडीवरून पुनम मॅडमना फोन केला. रडलो असेन, त्या घाबरल्या. म्हणाल्या, काका, सोडल्याची तारीख राहिली असेल तर भरता येते, त्यात काय एवढं. जीव भांड्यात पडला. मग म्हणाल्या, पण खोली रिकामी दाखवता येणार नाही. दुरुस्ती धरायची तर आज कोणीतरी वापरतं आहे असं दिसलं पाहिजे. आणि तो माणूस यादीच्या आधीपासूनचा पाहिजे, चौऱ्याण्णवच्या आतला. राहणाऱ्याच्या नावाचा खाना कोरा राहिला तर नोंद परत येते, मग आख्खी ओळ रद्द.

आख्खी ओळ रद्द.

संध्याकाळपर्यंत नोंदवही घेऊन बसलो आहे. दुसरं नाव हवं. धनराजचं लिहावं वाटलं. खरंच वाटलं. पण त्याची म्हातारी आहे घरी. तिला कोणीतरी विचारील की मुलगा कुठे, आणि तिला आठवणार नाही. तुझा तो बारीक आवाज मी ऐकला आहे.

४ डिसेंबर, गुरुवार

हिशेब मांडला. तू सगळं नीट वाच, नंतर मला सांगता येईल की नाही ठाऊक नाही.

गुणाबाई, कधीपासून १९८०, सोडल्याची तारीख मे १९८१. म्हणजे लग्नाआधी ती इथून सुटते. लग्न होतं. तू होतेस.

पुढचा राहणारा: लहानू, चौकीदार. कधीपासून, हे चौऱ्याण्णवच्या आत हवं. जितकं उशिराचं घेता येईल तितकं घेतलं, ३१ डिसेंबर १९९३. तू नव्वदची. लग्नाला आठ वर्षं झाली तेव्हा झालीस, दवाखाने, औषधं, सगळं करून. त्या दिवशी तू तीन वर्षं आणि दोन महिन्यांची होतीस. तीन वर्षं माझी राहतील. त्यापुढची तुझ्या आईची. बाप तुला तीन वर्षांची करून निघून गेला असं लोक म्हणतील. म्हणू दे. तिला शिव्या द्याव्याशा वाटल्या तर देऊ दे. पण ती असेल शिव्या द्यायला.

सोडल्याची तारीख कोरी.

तुझी शाळा, तुझं लग्न, तुझ्या दोन्ही बाळंतपणांत मी दवाखान्याच्या दारात बसलो ते — हे सगळं आत्ता मनात आहे. एकेक पुन्हा पाहून घेतो. मग सही करतो.

मला फार भीती वाटते आहे गं.

५ डिसेंबर, शुक्रवार

सही केली.

सकाळी खोलीत गेलो. चूल थंड. राख दगड झालेली, वर्षांची. तिचं काही नाही. लुगडं नाही, तवा नाही. चुलीच्या कडेला अंगठ्याची ती खूण तेवढी, पुसट, बोट लावलं तर गळून पडली.

सुकरीला विचारलं, गुणाबाई. म्हणाली, कोण गुणाबाई? मग आठवून म्हणाली, सासू सांगायची, फार मागे एक पोरगी होती इथे रांधायला, लग्न होऊन ब्रह्मपुरीकडे गेली म्हणे.

गेली. ब्रह्मपुरीकडे गेली. सत्यशीला, गेली!

पण पोचली का — नुसत्या 'म्हणे'वर कसा विश्वास ठेवू — फोन करायला टेकडीवर निघालो. उंबऱ्यावर पाय उचलला नाही.

सुकरी बाहेरूनच जेवण ठेवून गेली. मला म्हणाली, चौकीदारबाबा, तुम्ही कधी बाहेर निघत नाही, आज काऊन दार धरून उभे? तीस वर्षांत पहिल्यांदा पाहिले असे.

दुपारनंतर

वहीची मागची पानं वाचतो आहे. अक्षर माझं आहे. अश्विन नावाचा कोणी माणूस आहे यात. जावई लिहिलं आहे. कोणाचा जावई —

चष्म्याला दोरा कोणी बांधला

तुझी शाळा कोणत्या रंगाची होती. काल माहीत होतं. काल पाहून घेतलं होतं, एकेक —

६ डिसेंबर, शनिवार

आज सहा डिसेंबर. विहारात सगळे जमले असतील. मेणबत्ती लावली. तू खांद्यावर बसून यायचीस, मेणबत्तीचं मेण माझ्या कानावर सांडायचं — हे आहे. हे अजून आहे.

जीपवाला दाराशी आला आहे. वही त्याच्याजवळ देतो. पत्ता त्याला सांगितला, आपल्या आळीतलं शेवटचं घर, गोठ्यासमोरचं. मोठं झाड — नाही, झाड इथलं.

सत्यशीला, बाळा, तुला अजून वाचता येत नाही. आईजवळ दे. आई घरात असेल तर आईजवळ दे. नसेल तर अंजनाबाईजवळ दे, ती वाचील. घाबरू नको, रडू नको, दार लावून बस, बाबा कामावर आहेत.

अंजनाबाई, हे तुम्ही वाचत असाल तर — पोरगी तीन वर्षांची आहे, एकटी ठेवू नका. आणि तिची आई पोचली का एवढं कळवा. गुणा नाव आहे. डावखुरी आहे. आली असेल तर चुलीजवळ पाहा, अंगठ्याची — जीपवाला घाई करतो आहे — पुढच्या शनिवारी तो परत येतो, त्याच्याजवळ निरोप द्या, एकच शब्द, आली की नाही आली, लवकर द्या, मला फार दिवस ध्यानात राहणार नाही मी कोणाची वाट —